अर्ध्या वितीचा कारागीर

वाळूत हे जे मोठं गोल दिसतंय ना, ते कुठल्या माणसाने काढलेलं नाही. जपानच्या दक्षिणेला अमामी ओशिमा नावाचं बेट आहे, तिथल्या डायव्हर लोकांना १९९५ साली समुद्राच्या तळाशी असं गोल दिसलं, जवळपास २ मीटर रुंद, मधे सपाट आणि भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे चर नि उंचवटे, आणि मग कितीतरी वर्षं कोणालाच कळेना की हे करतंय कोण.

करणारा हा बघा. अर्ध्या वितीचा पफरफिश! आपल्या कोकणात केंड म्हणतात ना, त्याच्याच खानदानातला, पण जात वेगळी, आणि शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं थेट २०१४ मध्ये. पाठीवर पांढरे ठिपके, म्हणून जपानीत अमामी होशिझोरा फुगु. होशिझोरा म्हणजे चांदण्यांनी भरलेलं आकाश. किती सुंदर नाव आहे!

हा नर आहे. बाहेरून मधल्या भागाकडे सरळ पोहत येतो, पोट आणि पर वाळूत घासत, की एक चर तयार, मग परत बाहेर जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं, असं सात ते नऊ दिवस चालतं. वर उंचवट्यांवर शिंपल्यांचे आणि पोवळ्यांचे तुकडेही आणून ठेवतो. आपण नक्षीच बघत बसतो, पण मला जास्त भारी वाटते ती मधली वाळू. चर खणताना जी अगदी बारीक वाळू उडते ती आत येऊन साठते, आणि पाणी कुठल्याही बाजूने वाहो, मधे आल्यावर त्याचा जोर कमी होतो.

मादी येते ती याच मधल्या वाळूवर अंडी घालते. नर तिचा गाल तोंडात धरतो, क्षणभरच, आणि ती निघून जाते.

नर मात्र थांबतो. अंडी फुटेपर्यंत राखण करतो, पण डागडुजी नाही, त्यामुळे रोजच्या प्रवाहाने उंचवटे हळूहळू झिजत जातात. जुनं घर तो परत कधीच वापरत नाही. त्यातली बारीक वाळू पुन्हा पुरणार नाही, असा संशोधकांचा अंदाज आहे.

पिल्लं गेली. आता बाजूच्या कोऱ्या वाळूवर त्याने पहिला चर ओढायला घेतलाय.