वळणापलीकडची ट्रॉली

पुणे–बंगळूर महामार्गाने निपाणी सोडली की बेळगावच्या वाटेवर तवंदी घाट लागतो. गळीत हंगामात या परिसरात, तसेच चिकोडी आणि संकेश्वरकडच्या रस्त्यांवर, उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर धावत असतात. अशी एक ट्रॉली डोळ्यांसमोर आणावी: मोळ्या मागे हातभर बाहेर आल्या आहेत, रिफ्लेक्टर चिखलाने माखला आहे आणि मागचा दिवा लावलेलाच नाही.

वळणापलीकडे अशी ट्रॉली असेल, तर मागून येणाऱ्या चालकाला ती वेळेत दिसत नाही. वाहनांमधील परस्परसंदेशाचे तंत्रज्ञान नेमके अशा प्रसंगासाठी आहे. वाहनातील यंत्र आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला सुमारे १० वेळा रेडिओ लहरींवरून कळवत राहते, आणि सुमारे ३०० मीटरच्या टप्प्यातील दुसरे यंत्र, वळणामुळे काही दिसत नसले तरी, धडकेची शक्यता ओळखून चालकाला इशारा देते.

अमेरिकेत मिशिगनमधील ॲन आर्बर येथे २०१२ पासून सुमारे २,८०० वाहनांवर याची चाचणी झाली. चौक ओलांडताना आणि डावीकडे वळताना मिळणारे दोनच इशारे सर्वत्र लागू झाले, तर वर्षाला ५,९२,००० पर्यंत अपघात टळतील आणि १,०८३ पर्यंत जीव वाचतील, असा तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा २०१४ चा अंदाज होता. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे तोच धोका उजव्या वळणाला असतो.

मात्र हे आकडे जसेच्या तसे बेळगाव जिल्ह्याला लावता येणार नाहीत. इशारा मिळायला दोन्ही वाहनांत यंत्र हवे. शंभरातील दहा वाहनांवर ते बसवले, तर दोन वाहनांची गाठ पडण्याच्या शंभर प्रसंगांपैकी साधारण एकाच प्रसंगात दोघांकडेही यंत्र सापडेल. शिवाय २०२२ साली देशात रस्त्यांवर गेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते. सुरुवात महागड्या मोटारींपासून करणे म्हणूनच आम्हाला चुकीचे वाटते. पहिले यंत्र ट्रॉलीवर आणि दुचाकीवर बसले पाहिजे.

लाभ मोजण्याची रीतही ठरवावी लागेल. एकाच रस्त्यावर अपघात क्वचित घडतात, त्यामुळे केवळ तेवढेच मोजून निष्कर्ष निघत नाही. आधी काही काळ यंत्राने इशारा न देता फक्त नोंद ठेवावी, नंतर इशारे सुरू करावेत, आणि करकचून दाबलेले ब्रेक व थोडक्यात टळलेल्या धडका दोन्ही काळांत ताडून पाहाव्यात. विनाकारण वाजलेले इशारेही त्याच वहीत मांडावेत, कारण उगाच वाजणाऱ्या यंत्राकडे चालक चार दिवसांत दुर्लक्ष करू लागतो. आणि ही तुलना ऊस वाहतुकीच्या काळाची ऊस वाहतुकीच्या काळाशीच व्हावी. पावसाळ्यात, कारखाने बंद असताना, हेच रस्ते ट्रॉल्यांविना असतात.