पूर्वीसारखे व्हावे

अध्यक्षमहाराज, आणि बेळगावच्या एवढ्या पावसात शहापूर, अनगोळपासून छत्र्या सांभाळत आलेल्या मंडळींनो,

विषय बाहेर फळ्यावर लिहिलाय: 'ज्येष्ठ सोल गायकाचा नवा अल्बम आणि त्याचे रसिक'. फळा लिहिणाऱ्यानं 'सोल'पुढे 'कढी' जोडली नाही, याबद्दल त्याचे आभार. गोवा जवळ आहे, मोह होतो. सोल म्हणजे काय हे मागच्या बैठकीत झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गाणं बाहेर पडलं आणि प्रियकर-प्रेयसीच्या भांडणात शिरलं, एवढं लक्षात ठेवलं तरी आजचं भागेल.

आजचे आपले बुवा म्हणजे अल ग्रीन. बुवा मी मुद्दाम म्हणतोय, कारण हा माणूस गवई आहे आणि रविवारी प्रवचनही करतो. जन्म १९४६, अर्कान्सा राज्यातला. त्याची गाजलेली गाणी झाली मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत. हा स्टुडिओ मुळात सिनेमाचं थिएटर. त्याची जमीन अजून तशीच उतरती आहे. (आपल्याकडे थिएटर बंद पडलं की दुसऱ्या वर्षी तिथं व्यापारी संकुल उभं असतं, तो विषय वेगळा.) तिथला निर्माता विली मिचेल. ग्रीनला जोर लावून गायची हौस, आणि मिचेल म्हणायचा हळू गा, अजून हळू गा. त्या हळू गाण्यानं फेब्रुवारी १९७२मध्ये अमेरिकेत पहिला नंबर काढला. पुढे १९७६मध्ये बुवा धर्मगुरू झाले, मेम्फिसमध्येच स्वतःचं चर्च घेतलं. १९७९मध्ये सिनसिनाटीच्या कार्यक्रमात रंगमंचावरून खाली पडले, तो त्यांनी देवाचा इशारा मानला आणि प्रेमगीतं जवळजवळ सोडली. भक्तिगीतांचे अल्बम मात्र निघत राहिले.

२००३मध्ये बुवा परत आले. अल्बमचं नाव 'आय कान्ट स्टॉप'. तोच रॉयल स्टुडिओ, तोच विली मिचेल, जुन्यांपैकी काही वादकसुद्धा तेच.

आमची चारपाच जणांची मंडळी कॅम्पात एका मित्राकडे जमायची. त्याच्या काकांनी आखातातून आणलेल्या एलपी रेकॉर्डी होत्या, आणि काकूंचा चहा होता. नवा अल्बम लावला. पहिलं गाणं संपायच्या आत एकजण म्हणाला, "गेला की ओ आवाज बुवाचा." दुसरा म्हणाला, "आवाज ऱ्हाऊ दे, गाणं तेच हाय की सगळं. बहात्तर सालचंच परत गरम करून वाढलंय." पहिल्याला तो पूर्वीसारखा गात नाही याचा राग, दुसऱ्याला तो पूर्वीसारखाच गातो याचा. अल्बम एकच, सोफाही एकच. आणि परदेशातल्या चाहत्यांचं काय चाललं होतं? हेच. त्यांच्या पुढ्यात कुंद्याची मिठाई नव्हती, इतकाच फरक.

मला याचं नवल वाटलं नाही, कारण हा खेळ मी आपल्याच गावात बघितला होता. आता थोडं विषयांतर होईल. ते होणार हे तुम्हाला ठाऊक होतंच.

इथल्या एका संस्थेनं, नाव सांगत नाही, तिचे दोन विश्वस्त समोर बसलेत, एका ज्येष्ठ गायिकेचं गाणं ठेवलं होतं. बाई सत्तरीच्या पुढच्या. एके काळी नाट्यपदांनी गावोगावचे मांडव गाजवलेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी ललितागौरी मांडला. कठीण राग. समजवायला नाही, स्वतः शोधायला बसल्यासारख्या गात होत्या. फर्माईशीच्या चिठ्ठ्या गोळा करून त्यांच्यापुढे ठेवायचं काम माझ्याकडे. रागाचा संथ भाग, विलंबित, भरतोय तोवर पहिली चिठ्ठी आली. मग दुसरी. मग रांगच लागली. मी एकेक घेतली, वाचली आणि खिशात घातली. मध्यंतर होईपर्यंत सदऱ्याचा खिसा फुगला होता.

कार्यवाह विंगेत आले. "काय हो, चिठ्ठ्या कुठायत?" म्हटलं, खिशात. "खिशात कशाला? लोकांनी तिकिटं काढलीत." म्हटलं, लोकांनी गाण्याची तिकिटं काढलीत, आठवणींची नाही. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढच्या वर्षी माझी नेमणूक वाहनतळ समितीवर झाली. तिथं अजून आहे. आज बाहेर तुमच्या दुचाक्या नीट लागल्या असतील तर त्याचं श्रेय त्या ललितागौरीला द्या.

चिठ्ठ्या मी टाकल्या नाहीत. आज आणल्यात. ही बघा. कुंद्याच्या दुकानाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलीय, पुढच्या बाजूला अर्धा किलोचा हिशेब: "नाट्यपद घ्यावे. पूर्वीसारखे व्हावे." 'पूर्वीसारखे'खाली दोन रेघा. दुसरी रेघ इतक्या जोरात ओढलीय की कागद फाटलाय. ही दुसरी: "मोठ्याने गा, मागे ऐकू येत नाही." ही तिसरी कानडीतली: "हळे हाडु हाडरी." म्हणजे जुनं गाणं म्हणा. सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं मी एवढ्या एकाच ठिकाणी पाहिलं. आणि ही चौथी: "केए बावीस पांढरी गाडी फाटकातून हलवा." ती तेव्हा माझ्याकडे चुकून आली होती. आता माझ्याकडेच येते.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि जे पुढे झालं ते माझ्या बाजूचं नाही. गाणं संपल्यावर बाई चहा घेत होत्या. त्यांनी मला हाक मारली. "काय रे बाळ, बेळगावात आता चिठ्ठ्या पाठवत नाहीत होय? आमच्या वेळेला ढीग पडायचा." मी काही बोललो नाही. त्यांनी बशी खाली ठेवली, फर्माईश त्यांच्यापर्यंत न पोचलेलं एक नाट्यपद हार्मोनियमशिवाय, नुसत्या बोटांच्या तालावर, त्या खोलीत आम्हा तिघांपुढे गुणगुणलं, आणि म्हणाल्या, "हे बाहेर गात नाही आता. वरचा षड्ज दगा देतो."

तेव्हा गायकाला फर्माईश नकोच असते, असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. फर्माईश हवी असते. दोन रेघा नको असतात.

अध्यक्षांनी आता माझ्याकडेच चिठ्ठी पाठवलीय. "सात मिनिटे." म्हणजे व्याख्यान आता सुरू करायला हवं.

माझं म्हणणं असं की दोष चाहत्यांच्या स्वभावाचा कमी, रेकॉर्डचा जास्त. रेकॉर्ड गायकाला पंचविशीत पकडून ठेवते. बैठकीतला श्रोता दर वर्षी-दोन वर्षांनी गवयाला ऐकतो, त्याच्याबरोबर म्हातारा होतो, आवाजाचा उतार त्याच्या अंगवळणी पडतो. रेकॉर्डवाला चाहता मात्र १९७२मधून थेट २००३मध्ये उतरतो आणि म्हणतो, हा कोण? गंगूबाई हनगलांचं उदाहरण घ्या, आपल्या शेजारच्या. १९३०च्या दशकात गांधारी या नावानं निघालेल्या त्यांच्या रेकॉर्डी ऐका, आवाज बारीक, कोवळा. पुढे घशाच्या उपचारानंतर तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. हुबळी-धारवाडच्या श्रोत्यांनी तोच आवाज डोक्यावर घेतला, कारण ते समोर बसून ऐकत होते. नुसती रेकॉर्ड जवळ बाळगणाऱ्यानं तो ओळखलाही नसता.

आणि आपल्या इथून हाकेच्या अंतरावरचं सुळेभावी. १९२४चे कुमार गंधर्व. पोरवयात रेकॉर्डी निघालेल्या. मग क्षय, माळव्यातलं देवास, अंथरुणावरची वर्षं, आणि १९५३च्या सुमारास परत गाणं, एका फुप्फुसावर. तेव्हाही 'पूर्वीचा कुमार राहिला नाही' म्हणणारे होतेच. राहिला नव्हता हे खरंच. त्यांनी माळव्याची लोकगीतं आणली, निर्गुणी भजनं आणली. मोजपट्टीच बदलून टाकली.

परत अमेरिका, पटकन. २००८मध्ये ग्रीनचा 'ले इट डाउन' आला. निर्माता क्वेस्टलव्ह, द रूट्स या बँडचा ड्रमर, बुवांपेक्षा पिढीनं लहान आणि त्यांचा कट्टर भक्त. म्हणजे चिठ्ठी लिहिणाराच साथीला येऊन बसला! त्यानं १९७२चा नाद हवा तसा मागून घेतला. चाहते खूश, अमेरिकेच्या यादीत नववा क्रमांक, दोन ग्रॅमी पुरस्कार. मलाही आवडतो. पण त्यात मला बुवांपेक्षा क्वेस्टलव्हच्या लहानपणाचं घर जास्त दिसतं, असं आमच्या कॅम्पातल्या मित्रांना सांगितलं तर अजून चहा मिळत नाही.

याच्या उलट दुसरा सोल गायक, सॉलोमन बर्क. साठी ओलांडलेला, एकवीस मुलांचा बाप, धर्मोपदेशक, शिवाय अंत्यसंस्काराचा व्यवसाय. रंगमंचावर सिंहासनात बसून गायचा. २००२मध्ये त्याचा 'डोन्ट गिव्ह अप ऑन मी' निघाला. बॉब डिलन, टॉम वेट्स, व्हॅन मॉरिसन अशा नामांकित गीतकार-गायकांनी गाणी दिली. स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र बसून चार दिवसांत उरकलं. ग्रॅमी मिळालं. आणि 'पूर्वीसारखं नाही' ही तक्रार तिथं फारशी टिकलीच नाही, कारण त्याच्या आवाजातली ती गाणी लोकांच्या कपाटात आधी नव्हतीच. ताडून बघायला काही हाती नव्हतं. मग ऐकावंच लागलं. म्हाताऱ्या गवयाला परत आणायचं असेल तर त्याच्या जुन्या खोलीत नेऊ नका, नवं काम द्या. याला अपवाद आहेत, गायिका मॅव्हिस स्टेपल्सचा एक तर फार मोठा आहे, पण अध्यक्ष उठून उभे राहिलेत.

दोन गाणी ऐकवणार होतो, एकच लावतो, बर्कचं. ते पूर्ण संपल्याशिवाय आभारप्रदर्शन सुरू करू नये, एवढी कार्यवाहांना विनंती.