लहान मासा जाळ्यातच येऊ नये

श्रोतेहो, नमस्कार.

भाऊच्या धक्क्यावर पहाटे लिलाव सुरू व्हायच्या आधी कुणी मोजपट्टी घेऊन टोपलीतले बोंबील एकेक करून मोजताना दिसलं, तर तो माणूस मासळीच्या अभ्यासाला आलेला असतो. लिलावाच्या आधीच मोजायचं, याला कारण आहे. लिलावासाठी मासळी निवडली जाते. मोठी एका टोपलीत, मध्यम दुसरीत, आणि खताला किंवा फिशमीलला जाणारी बारीक तिसरीत. निवडलेल्या टोपलीतून नमुना घेतला की समुद्रात फक्त मोठे मासे आहेत असं वाटायला लागतं. म्हणून बोटीतून उतरलेल्या, हात न लागलेल्या ढिगातून मासे घ्यायचे. नमुना ५ किलोचा आणि त्या बोटीचा एकूण बोंबील ५०० किलो असेल, तर प्रत्येक लांबीच्या माशांची संख्या १०० नं गुणायची.

लांबी कुठून कुठपर्यंत मोजली, हेही दर वेळी लिहून ठेवावं लागतं. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक माप येतं, शेपटीच्या खाचेपर्यंत दुसरं. पापलेटाची शेपटी लांब आणि दुभंगलेली, तिचं टोक टोपलीत सहज तुटतं. त्यामुळे या माशात दोन मापांची सरमिसळ झाली तर आकडे वाया गेले म्हणून समजा.

किनाऱ्यावर रोज शेकडो बोटी लागतात, सगळ्या मोजणं कुणालाच शक्य नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची यावर जुनी, पारखलेली रीत आहे. बंदर आणि दिवस चिठ्ठी काढल्यासारखे निवडायचे. पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ प्रत्यक्ष नोंद, आणि मधल्या रात्रीची आवक विचारपूस करून. बोटी १५ पर्यंत असतील तर सगळ्या, जास्त असतील तर ठरावीक अंतरानं एकेक. सोबत प्रत्येक बोट किती तास मासेमारी करून आली, हेही विचारायचं. गेल्या वर्षीइतकीच मासळी यंदा दुप्पट तास जाळं ओढून मिळाली असेल, तर एकूण टनांचा आकडा तसाच दिसतो, पण समुद्रातला साठा घटलेला असतो. माझ्या मते आपल्या बातम्यांत सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते. टन छापले जातात, तास छापले जात नाहीत.

मोजून झालं की मासा चिरायचा. गाभोळी कच्ची आहे, भरत आली आहे, पिकली आहे की अंडी टाकून रिकामी झाली आहे, ते पाहायचं. ज्या लांबीला निम्म्या माद्या पक्व दिसतात, ती पहिल्या पक्वतेची लांबी. पुढचे बरेच नियम हिच्यावर उभे राहतात. पोटात काय आहे तेही पाहायचं, पण जपून. बोंबील जवळा खातो, मांदेली खातो, स्वतःची पिल्लंही खातो. मात्र जाळ्यात अडकल्यावर शेजारी दाटलेला जवळा तो तिथेही गिळतो. पोटात अख्खा, न पचलेला जवळा दिसला तर ते जेवण समुद्रातलं की जाळ्यातलं, हा प्रश्न सोडवल्याशिवाय टक्केवारी काढू नये.

वय ठरवणं आणखी अवघड. थंड देशांत माशाच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं दिसतात. आपल्या उबदार पाण्यात थंडीची खूण ठळक उमटत नाही, म्हणून दर महिन्याच्या लांबीच्या आलेखात पिल्लांचा उंचवटा कसा पुढे सरकतो, यावरून वाढीचा वेग काढतात. त्यातून एकूण मरणाचा दर मिळतो. त्याचे दोन भाग, नैसर्गिक मरण आणि मासेमारीनं आलेलं मरण. समजा एकूण दर वर्षाला ३ निघाला आणि त्यातला १.२ नैसर्गिक. उरलेला १.८ मासेमारीचा, म्हणजे ०.६ हिस्सा. हा हिस्सा ०.५ च्या वर गेला की साठ्यावर ताण आहे, असा ढोबळ इशारा मानतात. ढोबळच, कारण नैसर्गिक मरण थेट मोजता येत नाही. ते वाढीचा वेग आणि पाण्याचं तापमान यांवरून अंदाजानं काढलेलं असतं.

आता नियमांकडे येऊ. महाराष्ट्रानं २०२३ साली ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवले. रुपेरी पापलेटासाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. हे पाऊल योग्यच आहे, पण त्याची ताकद कुठे संपते हे सांगायलाच हवं. बंदरावर पट्टी लावून लहान पापलेट पकडलं, तरी ते मेलेलं असतं. पाण्यात परत टाकलं तरी तरंगून घारींना जातं. शेवंडाचं, म्हणजे लॉब्स्टरचं, तसं नाही. अंडी पोटाखाली घेतलेली शेवंडीण जिवंत असताना लगेच पाण्यात सोडली तर जगू शकते. मुंबईसमोर ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात, येणारी वाळूतली शेवंड १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात जवळजवळ नाहीशी झाली. अंडीवाल्या माद्या परत सोडल्या जात नव्हत्या, हे त्यामागचं मोठं कारण. २००३ मध्ये निर्यातीसाठी किमान वजनं ठरली, या जातीसाठी १५० ग्रॅम, पण तोवर मुंबईची ही मासेमारी गेलेली होती.

म्हणून पापलेट आणि बोंबलाच्या बाबतीत खरा उपाय जाळ्याच्या शेपटात, मासळी साठते त्या खोल्यात करावा लागतो. ट्रॉलच्या खोल्याची नेहमीची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, शंकरपाळ्याच्या आकाराची असते. मासळी भरून ताण आला की शंकरपाळं मिटतं आणि ४० मिलिमीटरची आसही पिल्लांसाठी भिंत होते. तेच जाळं आडवं-उभं बसवून आस चौकोनी केली की ताणाखालीही ती उघडी राहते. ४० मिलिमीटर चौकोनी आस ही शिफारस त्यातूनच आली. पण जेलीफिशनं खोला चोंदला की चौकोनही कामाला येत नाही. शिवाय बारीक कोळंबी निसटते आणि त्या फेरीचा डिझेलचा खर्चही निघत नाही. मच्छीमाराचा विरोध या हिशोबातून येतो. त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे.

डोल जाळ्याचं गणित तर वेगळंच. वसई, अर्नाळा, डहाणूच्या बाजूला डोल ओढत नाहीत. समुद्रतळाला रोवलेल्या खुंटांना बांधलेली ती प्रवाहात तोंड पसरून उभी राहते. उधाणाला पाणी जोरात धावतं तेव्हा भरते, भांगाला प्रवाह मंदावला की फारसं हाती लागत नाही. तोंडाकडची आस मोठी, पण खोल्याकडे ती २० मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक होत जाते, कारण जवळाच जेमतेम ३ सेंटिमीटरचा. खोल्याची आस वाढवा म्हटलं की जवळा गेला, आणि त्याच्याबरोबर सुकवणाऱ्या बायकांचं हंगामी उत्पन्नही गेलं. इथे आस वाढवण्यापेक्षा जागा आणि वेळ बदलणं जास्त उपयोगी पडेल. पापलेटाची पिल्लं कुठल्या महिन्यात, किती वाव खोल पाण्यात दाटतात, हे दर उधाणाला खोल्यातून मोजायचं, आणि तेवढ्या पट्ट्यातले खुंट तेवढे दिवस मोकळे ठेवायचे. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची पावसाळी बंदी यांत्रिक बोटींना सरसकट लागू होते, मासा कुठलाही असो. पिल्लांचं वेळापत्रक मात्र जातीजातीप्रमाणे बदलतं.

नवी आस उपयोगी आहे का, हे तपासायची पद्धत सोपी आहे. खोल्यावर बाहेरून अगदी बारीक आसेची दुसरी पिशवी चढवायची, म्हणजे निसटलेले मासे त्यात सापडतात. आतले आणि बाहेरचे दोन्ही लांबीप्रमाणे मोजले की कुठल्या लांबीला निम्मे मासे सुटतात ते कळतं. बाहेरची पिशवी आतल्या खोल्याला चिकटली तर आस झाकली जाते आणि प्रयोग फसतो. म्हणून मधे कड्या घालून ती दूर धरावी लागते. आणि निसटलेल्यांपैकी काही जिवंत मासे पाण्यातच पिंजऱ्यात दोन-तीन दिवस ठेवून पाहावे लागतात. आसेतून घासून बाहेर पडलेल्या माशाचे खवले आणि कातडी सोलली गेली असेल, तर तो दुसऱ्या दिवशी मरतो, आणि सुटलेल्यांच्या यादीतून त्याला वजा करावं लागतं.

नमस्कार.