सात कळा, तीन लिप्या

(कीबोर्ड अगदी जवळून. एका प्रौढ माणसाची बोटं, सावकाश.)

एम. ए. एन. ई. एच. टी. जे.

या सात कळा ओळीनं दाबल्या आणि पडद्यावर उमटलं, सोलापूर. मग खिडकीचं चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकदम दाबून भाषा बदलली. पुन्हा त्याच सात कळा, आणि तोच शब्द तेलुगूत. पुन्हा भाषा बदलली. तिसऱ्यांदा त्याच कळा, आणि आता कन्नड.

मागच्या बाकावरून आवाज येतो, "परत दाखवा की."

रविवारची सकाळ आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही खोली. महिन्यातून एकदा इथं संगणक वापरणारी माणसं जमतात. फी नाही, परीक्षा नाही. ज्याला जे येतं ते त्यानं इतरांना करून दाखवायचं, एवढंच. नियम मात्र एक आहे आणि तो कुणी मोडत नाही: दाखवणाऱ्यानं माऊसला हात लावायचा नाही. तो फक्त सांगणार, हात दुसऱ्याचा चालणार. मला या बैठकीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. भराभर बोटं चालवणाऱ्याकडे बघून शिकता येत नाही. चुकणाऱ्या हाताकडे बघून येतं.

असं जमण्याची रीत जुनी आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, एका घराच्या गॅरेजात, होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा छोटा संगणक बघायला माणसं आली होती. पुढे याच क्लबात स्टीव्ह वॉझ्नियाकनं आपला ॲपल-१ हा संगणक आणून दाखवला. सोलापूरच्या या खोलीत माणसं येतात ती आपापली अडलेली कामं घेऊन.

(लग्नपत्रिकांचा गठ्ठा. हळदीचा ठिपका लावलेली एक पत्रिका.)

आजचं काम अण्णांचं. अण्णांचा छोटा छापखाना आहे. पूर्व भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि सोयरीक कलबुर्गीकडची असेल तर कन्नडही. तेव्हा पत्रिका एक आणि लिप्या तीन. इतकी वर्षं अण्णा तेलुगू मजकूर एकाकडून टाइप करून आणायचे, कन्नड दुसऱ्याकडून. एखाद्या आत्याचं नाव राहिलं की पुन्हा दोन फेऱ्या.

त्यांना आज कळलं की त्यांची बोटं हे काम आधीपासूनच जाणतात. अण्णा मराठी टाइप करतात ते इनस्क्रिप्ट नावाच्या कळांच्या मांडणीवर. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ही मांडणी एकट्या मराठीसाठी आखलेलीच नव्हती. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात ती आहे, आणि तिच्यात आवाज महत्त्वाचा, आकार नव्हे. 'क'ची कळ देवनागरीत 'क' देते, तेलुगूत तेलुगूचा, कन्नडमध्ये कन्नडचा. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडनंही या भारतीय मानकाच्या आधीच्या आवृत्तीचाच क्रम उचलला. यातल्या प्रत्येक लिपीला १२८ घरं, आणि तिन्ही लिप्यांत 'क' बसतो तो आपापल्या बाविसाव्या घरात.

पण सगळं आपोआप होत नाही. पडद्यावरचा तेलुगू शब्द बघून अण्णा मान हलवतात. "हे सोलापूरा झालं. आमच्यात शेवटचा अ म्हणतात." मराठीत आपण 'सोलापूर' लिहितो आणि शेवटचा 'र' तोडून म्हणतो. तेलुगूत तो तोडून लिहावा लागतो. म्हणून शेवटी आणखी एक कळ, डी. हलन्त. तेलुगू आणि कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही, त्यांच्या कळा वेगळ्या पाठ कराव्या लागतात.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण पुढची गोष्ट या गावासाठीच घडल्यासारखी आहे. शिफ्ट धरून जे दाबली की देवनागरीत 'ऱ' येतो. दऱ्या, कऱ्हाड, तऱ्हा लिहायला आपल्याला तो लागतोच. युनिकोडच्या तक्त्यात या अक्षरापुढे टीप आहे, की ते द्राविडी भाषांतला एक वेगळा 'र' लिहिण्यासाठी आहे. तेलुगूत त्याच कळेवर त्यांचं जुनं 'बंडि र' येतं. खोलीतल्या एका आजींनी ते लहानपणी गिरवलं होतं. त्या उठून पडद्याजवळ गेल्या आणि त्या अक्षराकडे बघत उभ्या राहिल्या.

(पेन ड्राइव्ह. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं.)

दुसरं काम सरांचं. सर निवृत्त मराठी शिक्षक. विद्यार्थ्यांना घरी पाठवून, आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांनी टाइप केल्या. जुना संगणक बंद पडला, आणि नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली तर हे असं.

ओव्या हरवलेल्या नाहीत. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र असायचं. फाइलच्या पोटात इंग्रजीच अक्षरं, वर मराठी मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. म्हणून आधी कोणता फॉन्ट होता ते शोधायचं, कारण प्रत्येकाचा नकाशा निराळा. मग त्या नकाशाप्रमाणे अक्षर बदलणारा परिवर्तक चालवायचा.

खरी मेख पुढे आहे. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट: दिसतो पुढच्या अक्षरावर, साठवायचा त्याच्या आधी. ही अदलाबदल परिवर्तक विसरला तर 'सूर्य'चा 'सूयर्' होतो. म्हणून आधी दहाच ओळी करून बघायच्या. मूळ फाइल बाजूला, जशीच्या तशी. आणि झाल्यावर शब्दाशेवटी लटकलेले 'र्' शोधून काढायचे.

सरांनी पाटी-पेन्सिल असावी तशी वही उघडून सगळं हातानं लिहून घेतलं. मग कंट्रोल आणि एफ दाबून पहिला शब्द शोधला: माहेर. इतकी वर्षं ही ओळ कुठल्या पानावर आहे ते त्यांना आठवून काढावं लागत होतं. आता ओवीमागून ओवी पिवळी होत गेली आणि ते एकेक मोठ्यानं वाचू लागले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

(चौकोनांनी भरलेला पडदा.)

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांचं डिझाइन करणाऱ्या ताईंनी लिबरऑफिसची तक्त्यांची शीट उघडायला सांगितली. रकाने अरुंद करून घरं चौकोनी करवून घेतली, आणि ज्या घरात १ लिहिला ते आपोआप काळं होईल अशी अट लावून घेतली. झाला ग्राफ. एक आडवी ओळ म्हणजे एक बाणा, कापडातला आडवा धागा. जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या पुठ्ठ्यावर भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं बसवलेली ही युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. सोलापुरात ती आजही चादरीत झोपते. ताईंनी त्या घरांत एकएक करून 'ळ' विणवून घेतला. त्याच्या गाठीपाशी एक घर जास्त काळं झालं तर टॉवेलावर अक्षर बुजतं, म्हणाल्या.

मग छोट्या युक्त्या, चहाबरोबर. खिडकीची कळ आणि व्ही: आधी कॉपी केलेल्या गोष्टी रांगेत दिसतात, फक्त ती सोय पहिल्यांदा चालू करावी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा जुना संगणक भंगारात देण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघा. आतलं काही न पुसता बघता येतं.

उठता उठता एक बाई विचारतात. विजापूर वेशीकडून आल्या आहेत, उर्दू शिकवतात. "याच सात कळांवर उर्दू येईल?"

नाही येणार. ती लिपी या कुळातली नाही. उजवीकडून चालते, अक्षरं शेजार बघून आकार बदलतात, कीबोर्ड वेगळा.

"मग पुढच्या वेळी मी दाखवते," त्या म्हणतात. "माऊस अण्णांच्या हातात."

फळ्यावर पुढच्या महिन्याची तारीख लिहिलेली आहे. त्या खडू घेतात आणि तारखेखाली, फळ्याच्या उजव्या कडेपासून, विषयाचं नाव लिहायला लागतात.