हायपरस्पेसमधून गेलं की अंतर कमी होतं? कोणी सांगितलं?

नमस्कार मंडळी!

मागच्या व्हिडिओखाली तुम्ही विचारत सुटलात, "विज्ञानकथांमधली यानं ज्यातून क्षणात दूरच्या ताऱ्यांवर पोचतात, ते हायपरस्पेस खरंच असतं का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तुमच्यापैकीच कोणीतरी देऊन टाकलं, "चौथी मिती रे, तिथून शॉर्टकट मिळतो." त्याला लाइक्सही भरपूर. आजचा व्हिडिओ त्या लाइक्ससाठी आहे.

सुरुवातीचं पटापट उरकतो, शाळेतलंच आहे. रेषेवरची जागा सांगायला एक आकडा लागतो, कागदावर दोन, खोलीत तीन. चार आकडे लागले की चार मिती. गणितात तीनच्या पुढच्या मितींच्या अवकाशाला हायपरस्पेस म्हणायची जुनी पद्धत आहे. "पण चौथी दिशा कुठाय, बोट दाखवा." नाही दाखवता येत, आणि गणिताला त्याची गरजही नाही. आकडे चार आहेत, हिशेब चालतो, विषय संपला. जर्मन गणितज्ञ रीमान यांनी १८५४ मध्ये गटिंगेनच्या व्याख्यानात कितीही मितींच्या अवकाशाचा पाया घातला. त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये श्लेफ्ली हा गडी चार मितींतले सुसम आकार, म्हणजे घनासारखे सगळ्या बाजूंनी सारखे आकार, मोजत बसला होता. आपल्या तीन मितींत असे पाच आकार, चार मितींत सहा, आणि पाचपासून पुढे कितीही चढा, फक्त तीन. हे मला आजही विचित्र वाटतं, पण तो वेगळ्या व्हिडिओचा विषय.

आता मुद्द्यावर. नीट ऐका, कारण हे मी तीनदा सांगणार आहे.

नुसती मिती वाढवून दोन बिंदूंमधलं अंतर कमी होत नाही. कधीच नाही.

पहिल्यांदा पायथागोरसकडून. [फळ्यावर लिहितो] अंतराचा वर्ग म्हणजे क्ष-चा वर्ग, अधिक य-चा वर्ग, अधिक झ-चा वर्ग. चौथी मिती आली की काय करायचं? आणखी एक वर्ग मिळवायचा. वर्ग ऋण असतो का? नाही. मग बेरीज वाढेल किंवा तेवढीच राहील. एक मीटर बाजूचा चौरस घ्या, त्याचा कर्ण १.४१ मीटर. एक मीटरचा घन घ्या, आतला सर्वांत लांब कर्ण १.७३. चार मितींतला घन, ज्याला टेसरॅक्ट म्हणतात, त्याला १६ कोपरे, ३२ कडा, आठ घन, आणि कर्ण बरोब्बर दोन मीटर. मिती वाढली तसे कोपरे एकमेकांपासून लांब चाललेत! आणि पृथ्वी आणि एखादा तारा, दोघंही आपल्याच तीन मितींत असतील तर चौथा आकडा दोघांचा सारखा. फरक शून्य, शून्याचा वर्ग शून्य. अंतर होतं तेवढंच.

इथे हुशार प्रेक्षक हात वर करणार: "सर, चौथी मिती म्हणजे काळ, आणि तिथे उणे चिन्ह असतं." बरोबर. गणितज्ञ मिन्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या अवकाशकाळात, म्हणजे अवकाश आणि काळ एकत्र धरलेल्या चार मितींत, काळाच्या वर्गाचं चिन्ह उलटं असतं. पण त्या उण्यातूनच प्रकाशाच्या वेगाची मर्यादा येते, आणि कथालेखकांना नेमकी तीच ओलांडायची असते! शिवाय कथांमधलं हायपरस्पेस म्हणजे जायला एक जादा दिशा, काळ नव्हे. तेव्हा ही गल्ली आपल्या गावाला जात नाही.

दुसऱ्यांदा, कागदावरून. आणि इथे मी जरा चिडणार आहे. एका कॉलेजात बोलायला गेलो होतो. प्रश्नोत्तरांत एक मुलगा आत्मविश्वासाने पुढे आला, वहीचं पान फाडलं, दोन टोकांना ठिपके काढले, पान दुमडलं, पेन आरपार घुसवलं. टाळ्या. हा प्रयोग चित्रपटांत आहे, रील्समध्ये आहे, सगळीकडे आहे. मी त्याला म्हटलं, छान, आता दुसरं पान घे, टेबलावर सपाट ठेव आणि मला तोच शॉर्टकट दाखव. तो पेन पानाच्या वर धरून उभा. तिसरी मिती पानाच्या डोक्यावर अख्खी मोकळी आहे, हवी तेवढी उंच. मिळतोय का शॉर्टकट? पेन वर उचला, फिरवा, दुसऱ्या ठिपक्यावर आणा, रस्ता उलट लांबला. म्हणजे काम कोणी केलं, मितीने की घडीने? घडीने! मितीने घडी घालायला जागा दिली, बस. घडी कोण घालणार, कशाने घालणार, याबद्दल तो पेनवाला प्रयोग अवाक्षर काढत नाही. तुम्हीही पेन घुसवताना तेवढं सांगत जा की राव.

तिसऱ्यांदा, पृथ्वीवरून, म्हणजे आकडे हातात येतील. उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवावर पृष्ठभागाने गेलात तर साधारण २०,००० किलोमीटर. सरळ आरपार बोगदा काढलात तर १२,७०० च्या आसपास. इथे तिसऱ्या मितीने ७,००० किलोमीटर वाचवले की! वाचले खरे, पण का? पृष्ठभाग आधीच वाकलेला होता म्हणून. सपाट पठारावर भोक पाडून पलीकडच्या गावाला लवकर पोचता येत नाही.

झालं. तीनदा सांगितलं. आता परत "चौथी मिती म्हणजे शॉर्टकट" लिहिलंत तर मी हाच व्हिडिओ चिकटवणार.

मग कथांमध्ये हे आलं कुठून? गरजेतून. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशाच्या वेगाला कुंपण घातलं, आणि तिकडे अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांचे लेखक नायकाला दुसऱ्या ताऱ्यांकडे पाठवायला निघाले. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर. व्हॉयेजर-१ हे अवकाशयान सेकंदाला १७ किलोमीटर धावतं, त्या वेगाने तेवढं अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतील. नायिका तोवर थांबणार का? तेव्हा जॉन कॅम्पबेल यांच्यासारख्या लेखकांनी १९३१ च्या सुमारास गणिताच्या दुकानातून हायपरस्पेस उचललं, आणि हळूहळू सगळ्यांनीच वापरायला घेतलं. १९७७ मध्ये स्टार वॉर्स आला आणि ताऱ्यांच्या लांबलचक रेघा झाल्या की हायपरस्पेस, हे घरोघरी पोचलं.

कथा वाचताना बघा, लेखक तीनपैकी एक काहीतरी करत असतो. कुठे घडी घालतो, ते पाहिलं. कुठे शेजारी दुसरंच अवकाश कल्पितो, जिथलं एक पाऊल म्हणजे इकडचे लाखो किलोमीटर. हे गणिताला मान्य आहे, अंतर मोजायचा नियम तुम्ही वेगळा ठरवू शकता, फक्त त्याचं श्रेय मितीला देऊ नका. आणि कुठे फक्त वेगमर्यादा बदलतो. यावर नागपूरच्या एका प्रेक्षकाने लिहिलंय, "म्हणजे समृद्धी महामार्गच की, ताशी १२०!" अगदी. तिथे मिती वाढलेली नाही, पाटी बदललेली आहे. ही कमेंट मी पिन केली आहे.

बरं, चौथी मिती इतकी निरुपयोगी आहे का? अजिबात नाही, आणि लेखकांनी खरा माल सोडून दिला याचंच मला वाईट वाटतं. ती अंतर कमी करत नाही, पण अडथळा चुकवू देते. कागदावर वर्तुळ काढून आत ठिपका ठेवला तर कागदावरच राहून तो बाहेर येऊ शकत नाही, तुम्ही मात्र वरून सहज उचलता. तसंच चार मितींत बंद तिजोरी उघडीच असते, कुलूप न तोडता. दोरीची कुठलीही गाठ चार मितींत न कापता सुटते. आणि उजव्या हाताचा मोजा डाव्या हाताचा होतो! आपल्याकडे कितीही फिरवा, जमत नाही. चौथ्या मितीतून एक गिरकी दिली की जमतं, हे गणितज्ञ मोबियस यांनी १८२७ मध्येच लिहून ठेवलं होतं. डाव्या-उजव्याची अदलाबदल म्हटल्यावर मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' आठवायलाच हवी. नसेल वाचली तर व्हिडिओ थांबवा, आधी ती वाचा. एकही तारा ओलांडलेला नाही आणि तरी अवकाशाच्या रचनेवर अख्खी कथा उभी आहे.

आता एक गोष्ट, जी विचारणारा एकच निघाला. एमएस्सी करणारी मुलगी आहे, लिहिते, "आमच्या टोपॉलॉजीच्या पुस्तकात हायपरस्पेस आहे, पण त्यात चौथी मिती कुठेच नाही." शाब्बास! टोपॉलॉजी म्हणजे आकार न तोडता ताणले-वाकवले तरी काय टिकतं, याचं गणित. तिथे प्रकरणच निराळं आहे. तिथल्या हायपरस्पेसमध्ये एकेक बिंदू म्हणजे मूळ अवकाशातला एकेक संच.

ही पट्टी बघा. [पट्टी कॅमेऱ्यासमोर] तीस सेंटिमीटरची. हिचा कुठलाही सलग तुकडा निवडा. २ पासून ५ पर्यंत. सांगायला किती आकडे लागले? सुरुवात आणि शेवट, दोन. मग आलेखावर आडव्या अक्षावर सुरुवात घ्या, उभ्यावर शेवट. हा तुकडा म्हणजे एक ठिपका. सुरुवात शेवटाच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून सगळे ठिपके मिळून त्रिकोण होतो. तिरप्या कडेवर लांबी नसलेले तुकडे, म्हणजे पट्टीवरचे सुटे बिंदू. आणि काटकोनाच्या कोपऱ्यात अख्खी पट्टी बसलेली, एका ठिपक्यात! दोन तुकड्यांमधलं अंतरही काढता येतं. २ ते ५ आणि ३ ते ९ घ्या. सुरुवातींत फरक १, शेवटांत ४, त्यातला मोठा ४. ते झालं हाउसडॉर्फ अंतर. सलग तुकड्यांचा हट्ट सोडून पट्टीचे सगळे संवृत संच, म्हणजे काठाचे बिंदूही ज्यांत धरलेले असतात असे, घेतले, रिकामा तेवढा वगळून, तर मिती अनंत होतात. १९७२ मध्ये शोरी आणि वेस्ट यांनी दाखवलं की जे तयार होतं ते अनंत मितींचा एक घनच असतो, हिल्बर्ट घन.

या विषयात ज्यांचं नाव सतत येतं ते ऑस्ट्रियाचे गणितज्ञ व्हिएटोरिस, जन्म १८९१, मृत्यू २००२. तीन शतकं बघितली माणसाने.

गृहपाठ देतो. बांगडीवर दोन ठिपके निवडा. क्रम महत्त्वाचा नाही, दोन्ही एकाच जागी आले तरी चालतील. अशा सगळ्या जोड्यांचं हायपरस्पेस कसं दिसेल? इशारा: ती फितीसारखी एक पट्टी निघते, पण तिच्या कडा मोजून बघा. उत्तर कमेंटमध्ये. पेन घुसवून नको.