एका दिवसाचं कॉट्सवोल्ड्स

[दृश्य: कोचच्या पुढच्या काचेतून दिसणारा महामार्ग]

कॉट्सवोल्ड्स म्हणजे इंग्लंडमधला टेकड्यांचा आणि दगडी गावांचा प्रदेश, आणि तिथे लंडनहून कोचने, म्हणजे सहलीच्या मोठ्या बसने, एका दिवसात जाऊन येता येतं. लंडन मागे पडलं, की तासाभरात एम-४० महामार्ग चिल्टर्न टेकड्या ओलांडतो. रस्त्यासाठी इथे टेकडीच कापली आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती पांढऱ्याफेक. हा खडू आहे, फळ्यावरचा नव्हे, जमिनीतला. कोचमधले निम्मे प्रवासी अजून पेंगत असतात, कारण सकाळी लवकर उठून व्हिक्टोरिया कोच स्टेशन गाठायचं असतं. जे जागे असतात त्यांना या खिंडीतून बाहेर पडताच खाली पसरलेलं ऑक्सफर्डशर दिसतं, आणि वर तांबूस, दुभंगलेल्या शेपटीच्या घारी. ही घार इंग्लंडातून पार नाहीशी झाली होती. १९८९ पासून काही वर्षं स्पेनहून पिल्लं आणून ती इथे सोडली. आज ती महामार्गावर मजेत घिरट्या घालते.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. उघड्या मोटारीत टोप्या घातलेली माणसं]

दिवसभराची अशी सहल ही मूळची कामगारांची चैन. पहिलं महायुद्ध संपलं आणि लष्कराचे ट्रक मोडीच्या भावात निघाले. त्यांच्या सांगाड्यावर बाकांच्या रांगा ठोकल्या, की शॅराबँग तयार. भरीव रबराची चाकं, छप्पर नाही, पाऊस आला तर सगळ्यांनी मिळून ताडपत्री ओढायची. पगारी रजेचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली आला. त्याआधी गिरणीतल्या बहुतेकांना आठवड्याची सुट्टी परवडणारच नव्हती. हाती होता तो एखादा दिवस. रेल्वे स्टेशनापर्यंत नेऊन सोडायची. ही गाडी मात्र स्टेशन नसलेल्या गावातही शिरायची. लंडनचं व्हिक्टोरिया कोच स्टेशन १९३२ साली उघडलं, ते असं मोटारीने फिरणं अंगवळणी पडल्यावर.

आजच्या कोचमध्ये मुलांकडे आलेले पुण्या-डोंबिवलीचे आईबाबा हमखास भेटतात. मुलाला ऑफिस, सुनेला ऑफिस, आणि परक्या देशात गाडी चालवायची हिंमत कोण करणार? मग तिकीट काढून दिलं जातं, पिशवीत चिवडा आणि दशम्या.

[दृश्य: कोचच्या खिडकीतून शेतं, मेंढ्या]

आणि खरं सांगायचं तर मुलाच्या गाडीतून त्यांना यातलं फारसं काही दिसलं नसतं. इंग्लंडमधल्या गावरस्त्यांच्या कडेला माणसाच्या उंचीची काटेरी झुडपांची कुंपणं असतात. मोटारीत बसलेल्याला नुसती हिरवी भिंत दिसते. कोचमध्ये सामानाचा कप्पा खाली आणि माणसं वर. त्या चार-पाच फुटांनी सगळा फरक पडतो. कुंपणापलीकडचं शेत, त्यातला ओढा, लांबवरचा चर्चचा मनोरा, सगळं उलगडत जातं. आमच्या मते या सहलीचा खरा ऐवज दोन थांब्यांच्या मधल्या रस्त्यावरच असतो. थांब्यावर चहा मिळतो, स्वच्छतागृह मिळतं, आणि फ्रिजवर लावायचं चुंबक.

बर्फर्ड ओलांडलं की कुंपणांच्या जागी दगडी बांध दिसू लागतात. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. कोकणातल्या माणसाला लगेच गडगा आठवतो. फक्त इथला दगड जांभा नाही, चुनखडीचा आहे. ज्युरासिक काळात इथे उथळ, उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशी तो बनला. लोहाच्या अंशामुळे तो पिवळसर दिसतो. बांध त्याचे, घरं त्याची, छपरावरच्या फरश्याही त्याच्याच.

इथे पैसा आला तो मेंढ्यांच्या पाठीवरून. मध्ययुगात या टेकड्यांवरची लोकर युरोपभर जायची, आणि एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च का, याचं उत्तर त्या व्यापारात आहे. स्टो-ऑन-द-वोल्डच्या चौकात येणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की मेंढ्या एकेक करून मोजता याव्यात. या गावाच्या जत्रेत एकाच वेळी वीस हजारांहून अधिक मेंढ्या विकल्या गेल्याचं 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक डॅनियल डीफो याने लिहून ठेवलं आहे.

[दृश्य: स्टोच्या पूर्वेकडचा रस्ता, झाडी]

स्टोपासून थोड्याच अंतरावर डेल्सफर्ड आहे. कोच इथे थांबत नाही आणि गाइड बहुधा चहाबरोबरच्या स्कोनबद्दल, म्हणजे इथल्या छोट्या गोडसर पावाबद्दल, बोलत असतो. पण मराठी प्रवाशाने इथे क्षणभर मान वळवावी. वॉरन हेस्टिंग्ज इथे राहिला, १८१८ साली इथेच वारला. पूर्वजांच्या हातून गेलेली ही जमीन त्याने भारतातून परतल्यावर पुन्हा विकत घेतली. १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तेव्हा हाच गव्हर्नर जनरल होता. त्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली. म्हणजे आजचं अंधेरी, बोरिवली, ठाणे.

हेस्टिंग्जच्या घराचा वास्तुरचनाकार सॅम्युअल पेपिस कॉकरेल. यानेच जवळच्या सेझिनकोटला आपल्या भावासाठी मुघली घाटाची हवेली उभारली. भाऊ अर्थातच कंपनी सरकारातला. मेंढ्यांच्या कुरणात हिरवा कांद्यासारखा घुमट!

[दृश्य: बर्टन-ऑन-द-वॉटर, नदीवरचे ठेंगणे पूल]

बर्टनला विंडरश नदी घोट्याएवढ्या पाण्याने गावातून वाहते. इथे १९३७ सालापासून गावाची एक-नवमांश आकाराची दगडी प्रतिकृती आहे, आणि त्या प्रतिकृतीत पुन्हा छोटी प्रतिकृती. ती नीट बघावी तर घड्याळ आडवं येतं. साडेचार तास गाडी चालवली की चालकाने ४५ मिनिटं विश्रांती घ्यायची, असा कायदा आहे. दिवसभरात किती तास चाक हातात धरायचं यालाही मर्यादा आहे, आणि गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं नोंदयंत्र सगळं टिपत असतं. त्यामुळे गाइड 'सव्वादोन' म्हणाला तर सव्वादोनच. आईस्क्रीमच्या रांगेतून पळत येणारा एकजण प्रत्येक सहलीत असतोच.

[दृश्य: बायबरी, आर्लिंग्टन रो]

बायबरीची आर्लिंग्टन रो चौदाव्या शतकात लोकर साठवायला बांधली, सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. घरांत आजही माणसं राहतात, हे फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. समोरचा रस्ता अरुंद. त्यावर समोरासमोर दोन कोच आले, की गाव ठप्प. रहिवाशांच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२५ साली काउंटी कौन्सिलने गावातले कोचचे थांबे प्रायोगिक तत्त्वावर बंद केले. गावकऱ्यांचं चुकत नाही. पण कोचमधली पन्नास माणसं मोटारींनी आली असती, तर पंधरा-वीस गाड्या त्याच रस्त्यावर जागा शोधत फिरल्या असत्या, हेही खरं.

काही सहल कंपन्या सोळा आसनांच्या छोट्या गाड्या चालवतात. त्या गल्लीबोळांतही शिरतात. तिकीट मात्र महाग, आणि बैठक खाली.