जाड तारेचा आवाज

नमस्कार श्रोतेहो.

तुम्ही आत्ता मला ज्या रेडिओवर ऐकताय, त्याचा स्पीकर बहुधा तळहाताएवढा असेल. मोबाइलवर ऐकत असाल तर नखाएवढा. थोड्या वेळाने एखादं गाणं लागेल, आणि त्यात बेस गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी वाजली, तर तो सूर असेल 41 हर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला सुमारे 41 कंपनं. आता गंमत बघा. एवढ्याशा स्पीकरला हा सूर झेपतच नाही. इतक्या खालच्या सुरासाठी जेवढी हवा ढकलावी लागते, तेवढी तो ढकलू शकत नाही. तरी तुम्हाला तो सूर ऐकू येतो.

कारण तार कधी एकटा सूर देत नाही. 41 च्या सोबत साधारण 82, 124, 165 असे त्याच्या पटीतले वरचे सूरही निघतात, आणि तुमच्या स्पीकरमधून निदान त्यांतले वरचे तरी बाहेर पडतात. मेंदू त्यांच्यातलं सारखं अंतर हेरतो आणि न आलेला खालचा सूर स्वतःच त्याच्या जागी बसवतो. म्हणजे मी वाजवलेला आणि वाटेत हरवलेला सूर तुम्ही घरच्या घरी तयार करून घेता. मी नऊ वर्षं हौस म्हणून बेस वाजवते आहे. ज्या दिवशी मला हे कळलं, त्या दिवशी घरातले सगळे बारके स्पीकर काढून मी एकेक कानाला लावून बघितले होते. खरंच ऐकू येतो हो!

माझी नोकरी हिशेब तपासायची. रविवारी सकाळी मात्र आम्ही पाच जण एका मित्राच्या रिकाम्या खोलीत जमतो. गाणारी मैत्रीण, दोन गिटारवाले, ड्रमर आणि मी. शनिवारी रात्रीपासूनच माझी बोटं जेवणाच्या टेबलावर चालायला लागतात.

बेस पाठीवर टाकून बाहेर पडलं की जिन्यात, लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. "ही गिटारच ना? मग दोन तारा कुठे गेल्या?" मला हा प्रश्न फार आवडतो. तारा चारच असतात. ई, ए, डी, जी. गिटारच्या खालच्या चार तारांचीच ही नावं, फक्त सूर एक सप्तक खाली. त्या खर्जासाठी तार जाड लागते आणि लांबही लागते. साध्या गिटारची साधारण 25 इंच, बेसची बहुतेक वेळा 34. म्हणून मान लांब, म्हणून बॅग उंच. एकदा लिफ्टमध्ये चार-पाच वर्षांच्या एका मुलाने बॅगेवर हळूच हात ठेवला आणि कुजबुजत विचारलं, "मावशी, यात कोण झोपलंय?" त्याच्यापेक्षा बॅगच उंच होती. मी चेन थोडी उघडली, त्याचा एक तळहात लाकडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याला जाड तार छेडू दिली. बेस अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडलेला नव्हता, त्यामुळे आवाज असा काही आलाच नाही. पण त्याने हात झटकन मागे घेतला आणि खदखदून हसला. "हलतंय!" बेस म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात आणि इतकं अचूक मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

मी बेसकडे वळले ती एका रिकाम्या जागेमुळे. सुरुवातीला आमच्यात गिटारवाले तीन होते, त्यातली एक मी. तिघं एकदम वाजवायला लागलो की मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं व्हायचं. एका रविवारी ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, "अरे, खाली कुणीच नाहीये." पुढच्या रविवारी मी कुणाचा तरी जुना बेस मागून आणला. पहिला सूर लावला आणि ड्रमरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून आम्ही दोघं गाणंभर एकमेकांकडे बघतच वाजवतो. त्याच्या पायाखालचा मोठा ड्रम आणि माझी तार एकाच क्षणी पडली, की दोन वाद्यांचं एकच वाद्य होतं. सम गाठल्यावर अंगातून जे काही सरकून जातं, ते तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलेलं असेल. इथे ते दर चार ठोक्यांनी होतं.

अशी रिकामी जागा बघून बेसकडे आलेली माणसं या वाद्याच्या इतिहासात पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्याबद्दल वाचताना मला आपली माणसं भेटल्यासारखं वाटतं. 1961 मध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडचा बेस वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला. ती जागा घ्यायला कुणी उत्सुक नव्हतं, मग पॉल मॅकार्टनीने बेस हातात घेतला. कॅरोल के ही लॉस एंजेलिसमधली गिटारवादक. 1963 मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, म्हणून तिने बेस उचलला, आणि पुढे ती त्या शहरातल्या सगळ्यांत व्यस्त बेसवादकांपैकी एक झाली. बेसवादक लॅरी ग्रॅहमची गोष्ट तर मी आमच्या बँडला इतक्या वेळा सांगितली आहे की आता ते माझ्या आधी तिचा शेवट सांगतात. तो आईबरोबर कार्यक्रम करायचा. आई पियानो वाजवत गायची. पुढे त्यांच्यात ड्रमर राहिला नाही. मग ड्रमची उणीव भरून काढायला तो अंगठ्याने तारेवर ठोका द्यायला लागला आणि दुसऱ्या बोटाने तार ओढून सोडायला लागला. ठोका म्हणजे मोठा ड्रम, ओढलेली तार म्हणजे स्नेअर, तो कडक आवाजाचा छोटा ड्रम. आज जगभर ज्याला स्लॅप म्हणतात, ते असं एका घरच्या अडचणीतून आलं.

हे वाद्य स्वतःसुद्धा अडचणीतूनच आलं. त्याआधी खालचे सूर वाजवायचे ते माणसाएवढ्या उंच, उभ्या डबल बेसवर. तो न्यायला अवघड, ड्रम आणि विजेच्या गिटारींच्या गदारोळात त्याचा आवाज पोचायचा नाही, आणि त्याला पडदे नसल्यामुळे नेमका सूर गाठणं म्हणजे वर्षानुवर्षांची साधना. सिॲटलच्या पॉल टुटमार्कने 1930 च्या दशकातच गिटारसारखा आडवा धरायचा, पडदे असलेला विजेवरचा बेस बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. 1951 मध्ये विजेच्या गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरने आणलेला बेस पसरला. पडद्यांमुळे बोट ठेवलं की सूर नेमका येणार, म्हणून त्याचं नावच ठेवलं प्रिसिजन. माझा बेस त्याच घडणीचा आहे. त्याच्या पाठीवर माझ्या पट्ट्याच्या बकलाने पडलेले ओरखडे आहेत, आणि त्यांतला कुठला कुठल्या वर्षाचा, हे मी सांगू शकते.

आमच्या घराला आता बेसची इतकी सवय झाली आहे की माझा मुलगा सूर घरातल्या वस्तूंवरून ओळखतो. ए ची तार मोकळी सोडली की कपाटाची काच थरथरते. 55 हर्ट्झ आणि त्या काचेचं काहीतरी जुळतं. जी वाजला की खिडकीची कडी बोलते. तो आतल्या खोलीत अभ्यास करता करता ओरडतो, "आई, कडी नको, कपाट हवं होतं!" आणि खरोखर, माझा सूर चुकलेला असतो.

मग तारा उकळण्याचा दिवस. बेसच्या तारा महाग, आणि हाताचा घाम, तेल, मळ त्यांच्या वेटोळ्यांत शिरला की आवाज मंद होतो. त्या काढून पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायच्या, कोरड्या पुसायच्या आणि परत चढवायच्या. काही दिवस तरी चकाकी परत येते. हे करायला एक जुनं पातेलं मी वेगळं ठेवलं आहे. सासूबाईंनी पहिल्यांदा झाकण उचललं तेव्हा त्या बराच वेळ आत बघत राहिल्या, मग झाकण ठेवलं आणि विचारलं, "किती शिट्ट्यांनी होतं हे?" आम्ही दोघी ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आता पाणी उकळलं की त्याच मला हाक मारतात.

उलट जेम्स जेमर्सन. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या 1960 च्या दशकातल्या कितीतरी गाण्यांखाली ज्याचा बेस आहे, तो जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलायचाच नाही. तो जुनाट, गोल, लाकडी आवाज त्याला हवा होता. आणि ते सगळं उजव्या हाताच्या एका तर्जनीने! मी दोन बोटांनी वाजवते. त्याची एखादी ओळ बसवायला मला आठवडे लागतात, आणि बसली की कळतं, ती ओळ गाण्याखाली नुसती चालत नाही, ती गाण्याशी बोलत असते. त्या काळात मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं सहसा छापत नसत. लोक त्याच्या सुरांवर नाचले आणि तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. 1983 मध्ये तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला 2000 साली स्थान मिळालं. या सतरा वर्षांचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

बेस ऐकू येत नाही म्हणणाऱ्यांना मी एक प्रयोग करून दाखवते. गिटारवाल्याला सांगायचं, सी मेजर वाजवत राहा. सी, ई, जी, तीन सूर एकदम. प्रसन्न, उजेडाची कॉर्ड. मी खाली सी वाजवते, सगळं तसंच प्रसन्न राहतं. मग गिटारवाल्याचं बोटही न हलवता मी खाली ए वाजवते. त्या क्षणी ती कॉर्ड ए मायनर सेव्हन होते. खोलीत संध्याकाळ होते. आमच्या गाणाऱ्या मैत्रिणीबरोबर हे एकदा चुकून झालं. मी सी च्या जागी ए धरला, आणि ती ओळ तिने अशी काही हळवी गायली की गाणं संपल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. "आज काय झालं होतं तुला?" ती म्हणाली, "माहीत नाही, अचानक भरून आलं." ड्रमर माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता. त्या गाण्यात तो ए आम्ही कायमचा ठेवला आहे.

बेसचा सोलो सुरू झाला की लोक गप्पा मारायला लागतात, असा एक जुना विनोद आहे, आणि आमचे गिटारवाले तो दर महिन्याला नव्याने सांगतात. मी हसते, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे. बेस एकटा पुढे आला की त्याने ज्यांना उचलून धरलेलं असतं, ते सगळे थांबलेले असतात.

बॅटरीबद्दल एवढंच सांगते, कारण ऐकणाऱ्यांत कुणी नवशिके असतील. बेसच्या आत 9 व्होल्टची बॅटरी असेल, तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. अशा बहुतेक बेसमध्ये केबल लावली की बॅटरी चालू होते आणि रात्रभर चालूच राहते. हे मला एका कार्यक्रमात, शेवटून दुसऱ्या गाण्यात कळलं. माझा आवाज आधी खरखरला आणि मग विझला. ड्रमर न थांबता मोठ्या ड्रमवर माझे ठोके देत राहिला आणि गाणं पार नेलं. ते उपकार मी विसरणार नाही.

आता खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल सांगायचंय. 41 हर्ट्झच्या एका लाटेची लांबी आठ मीटरहून जास्त असते. एवढा खोल आवाज भिंती, फरश्या ओलांडून जातो. वरचे बारीक सूर वाटेत अडतात, खालचे पोचतात. म्हणजे मी गाणं लावून त्याच्याबरोबर सराव करते तेव्हा आजींना गाणं ऐकू येत नाही, फक्त माझा बेस ऐकू येतो. एका गुरुवारी त्यांनी दार वाजवलं. मी माफी मागायच्या तयारीनेच दार उघडलं. त्या म्हणाल्या, "अगं, आज मध्येच का थांबलीस? आणि ते गाणं कुठलं आहे ते तरी सांग, महिनाभर ऐकतेय."

मी त्यांना आत बसवलं आणि गाणं लावलं. पूर्ण ऐकलं त्यांनी, मान हलवत. संपल्यावर म्हणाल्या, "छान आहे. पण हे नव्हे ते."

"मग कुठलं, आजी?"

त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटाने माझा ठेका धरला, अगदी नेमका, मी जिथे एक सूर लांबवते तोसुद्धा. आणि त्यावर एक चाल गुणगुणल्या. ती कुठल्याच गाण्याची नव्हती. महिनाभर खालून ऐकता ऐकता वरची रिकामी जागा त्यांनी स्वतःच भरली होती.

आता दर गुरुवारी साडेआठला मी अँप मुद्दाम जमिनीवर ठेवते. गाणं लावत नाही. मी वर वाजवते, आजी खाली गातात. त्यांचा आवाज बारीक आहे, फरशीतून वर येत नाही. पण तिसऱ्या ओळीनंतर त्या श्वास घेतात, हे मला आता माहीत आहे. तिथे मी हात उचलून तारेवर अलगद ठेवते, आणि एका मात्रेपुरती थांबते.